बसणाऱ्या मुलांची मोजणी

घड्याळाला काटे नव्हते, आकडेही नव्हते. काळ्या रबरी पट्ट्यात बसवलेली एक चपटी डबी, एवढंच. शाळेतल्या मुलांनी ती मनगटावर बांधून घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि पाच मिनिटांत निकाल दिला.

"टाइम नाही दाखवत, त कायची घडी?" सातवीतला एक जण म्हणाला.

"ते तुहा टाइम पाह्यते," त्याच्या शेजारचा म्हणाला.

त्या दिवशी त्या विषयावर जे काही बोललं गेलं, त्यात सगळ्यात नेमकं हेच होतं. नंतर संस्थेचे प्रमुख तासभर बोलले, पण त्यात भर पडली नाही.

ही संस्था शहरातली. मुलं दिवसातले किती तास बसून असतात, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिनं मोहाडीहून आंधळगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत असलेलं आमचं गाव निवडलं. कारण विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की गाव 'प्रातिनिधिक' आहे. खरं कारण मुख्याध्यापकांकडून कळलं. दुसऱ्या दोन गावांच्या शाळांनी नाही म्हटलं होतं.

मी तेव्हा शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो. बरीच वर्षं नागपुरात एका दैनिकाच्या बातमी विभागात काढून मी गावी परतलो होतो, आणि समितीत 'शिक्षणतज्ज्ञ' नावाची एक जागा रिकामी होती. ज्याला अर्ज लिहिता येतो तो शिक्षणतज्ज्ञ, अशी गावाची व्याख्या आहे. त्यामुळे संस्थेचं पालकांसाठीचं संमतिपत्र मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी स्वतः केलेलं मराठी सोबत जोडलं होतं. त्यात 'बालकाचे बैठे वर्तन' असा शब्दप्रयोग अकरा वेळा होता. मी अकराही ठिकाणी तो खोडून 'बसून राहणे' असं लिहिलं. माझ्या हातून त्या सगळ्या प्रकरणात झालेलं चांगलं काम ते एवढंच.

प्रमुखांचं भाषण पटांगणात नव्हे, वर्गात झालं. मुलं सतरंजीवर, प्रमुख खुर्चीत. खेड्यातल्या मुलांचंही बसणं वाढलं आहे, मोबाइलनं त्यांना जखडलं आहे, असं ते सांगत होते. मधल्या ओळीत चुळबुळ झाली तशी मुख्याध्यापक गरजले, "हाताची घडी, तोंडावर बोट!" साठ-सत्तर मुलं एका क्षणात दगडासारखी झाली. ती तशी तासभर बसली. बसण्याच्या दुष्परिणामांवरचं भाषण ऐकत. प्रत्येकाच्या मनगटावर ती डबी होती आणि ती हे सगळं टिपत होती, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या शाळेत मुलगा हलला की त्याला ओरडा बसतो. वर्षभर हे शिकवून झाल्यावर, तो हलतो का हे बघायला शहरातून माणसं आली होती.

मोबाइलबद्दलही त्यांची माहिती कच्ची होती. आमच्याकडे नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर येतं. ज्याला मोबाइल पाहायचा असतो त्याला आधी तिथवर चालत जावं लागतं.

डबी सात दिवस काढायची नव्हती. जो हात कमी चालतो त्या मनगटावर बांधायची, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या. ती हाताची हालचाल मोजते आणि त्यावरून मूल बसलं आहे की चालतं-धावतं आहे हे ठरवते. संस्थेतर्फे गावात राहिलेल्या संशोधक बाईंनी हे पालकांना समजावून सांगितलं. वय तिशीच्या आतलं, बोलणं स्वच्छ, हातात फाइल. मुलं त्यांना मॅडम म्हणत. त्या प्रामाणिक होत्या. त्यांचा सगळा त्रास त्यातूनच निघाला.

डब्या बांधण्याच्या आधी संमतिपत्रावर सही करायला माझी शेजारीण माझ्याकडे आली होती. तिची मुलगी आठवीत. शेजारीण बिड्या वळते. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, भिंतीला पाठ लावून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, असं तिचं दिवसाचं चित्र ठरलेलं. शाळा सुटली की मुलगी दप्तर टाकते, आईच्या बाजूला बसते आणि जेवणाची वेळ होईपर्यंत वळत राहते. पान डाव्या हातात धरायचं, उजव्यानं तंबाखू भरायचा, मग दोन्ही हातांच्या बोटांनी गुंडाळायचं, दोरा मारायचा, पुढचं पान. हात थांबत नाहीत. बाकीचं शरीर मात्र खांबासारखं. तिच्या वयाच्या मुलीनं हे काम करायचं नसतं. ठेकेदारानं बजावून ठेवलं होतं की घरात लेकरू वळताना दिसलं तर पानं देणं बंद. एकदा कुणी साहेब विचारपूस करून गेल्यापासून शेजारीण दारात अनोळखी माणूस दिसला तरी सूप पदराआड घेई.

"भाऊजी," तिनं विचारलं, "हे घडी घरातलं पाह्यते का?"

"नाही. त्यात कॅमेरा नाही."

"आयकते?"

"नाही. फक्त हात हलला की नाही, तेवढंच."

"मंग बरं," असं म्हणून तिनं सही केली.

मी तिला दिलेली ती माहिती अचूक होती. तिचा परिणाम काय होईल हे मी पाहिलं नव्हतं.

सात दिवस गेले. एका आजीनं, सरकारी वस्तू आहे, हरवली तर कोण भरणार, म्हणून नातवाच्या हातातली डबी पहिल्याच संध्याकाळी काढून तांदळाच्या कोठीत ठेवली आणि सातव्या दिवशी पुसून परत केली. आजीला वाटलं, तिनं शाळेवर उपकार केले. बाकीच्या डब्या मुलांच्या हातावर राहिल्या.

पंधरा दिवसांनी निकाल आला. मॅडमनी तो रंगीत कागदावर छापून आणला होता आणि मुख्याध्यापकांनी तो ऑफिसच्या भिंतीवर डकवला. आठवीच्या प्रत्येक मुलाच्या नावासमोर एक आडवी पट्टी, सकाळपासून झोपेपर्यंत. हिरवा म्हणजे सक्रिय, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे बसलेला. इतर वर्गांचे कागद खाली. कोठीत राहिलेल्या डबीचा मुलगा दुसरीत होता. त्याची पट्टी सकाळपासून झोपेपर्यंत लालच्या लाल होती. डबीच्या मते त्यानं साधी माशीही हाकलली नव्हती.

आठवीच्या कागदावर सगळ्यात हिरवी पट्टी माझ्या शेजारच्या मुलीची होती. विशेषतः संध्याकाळी, शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत, एक सलग, दाट हिरवा ठोकळा. मुख्याध्यापकांनी सभेत तिला उभं केलं, 'सर्वांत सक्रिय विद्यार्थिनी' म्हणून पाण्याची बाटली दिली आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मुलगी खाली मान घालून उभी होती. तिची आई पालकांच्या ओळीत होती. टाळ्या वाजवताना तिचे हात एकमेकांना लागत नव्हते.

सगळ्यात लाल पट्ट्यांपैकी एक दुसऱ्या एका मुलीची होती. ही तलावाच्या पलीकडच्या टोलीवरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, येते. टोलीपासून शाळेपर्यंतचा रस्ता म्हणजे तलावाची पाळ: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, मध्ये जेमतेम सायकल जाईल एवढी वाट. ती रोज ती वाट सायकलनं करते. मागे कॅरियरवर धाकटी बहीण, पुढे हँडलला दोघींची दप्तरं. सांडव्याजवळ चढ आहे. तिथं मोठी माणसंही उतरून सायकल ढकलतात. ती उतरत नाही. हँडल घट्ट धरून उभ्यानं पायडल मारते. शाळेत धावण्यात तिला गाठणारं कोणी नाही, हे पहिलीतलं मूलही सांगेल.

तिच्या पट्टीवर दोन ठिकाणी सगळ्यात गडद लाल होतं. सकाळी शाळेच्या आधी आणि दुपारनंतर शाळा सुटल्यावर.

तिनं कागद बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे आली. "काका, त्या टायमाले त मी सायकलवर रायतो."

मी मॅडमना ते सांगितलं. त्यांना धक्का बसला नाही. "हो, सायकल चालवताना मनगट स्थिर असतं. त्यामुळे यंत्र ते बसलेलं धरतं. ती या पद्धतीची मर्यादा आहे. आम्ही अहवालात नमूद केलीय."

"अहवाल कोणत्या भाषेत आहे?"

"इंग्रजीत."

म्हणजे मर्यादा इंग्रजीत होती आणि लाल रंग मराठीत. भिंतीवर मराठी डकवलं होतं.

इथवर हा प्रकार हसून सोडून देण्यासारखा होता. पण मोहाडीला होणाऱ्या तालुक्याच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या होत्या. सहाशे मीटरच्या शर्यतीला शाळेतून एकच मुलगी जाणार होती. सायकलवालीला जिल्ह्याच्या ठिकाणच्या क्रीडा वसतिगृहात नववीसाठी अर्ज करायचा होता, आणि त्या अर्जाला तालुका स्पर्धेत धावल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागत होतं. आमची शाळा आठवीपर्यंत. ही तिची शेवटची संधी होती. तिचा बाप धानाची शेती करतो, कमी बोलतो. त्यानं एवढंच सांगितलं होतं, "परमानपत्र आन, मंग मी सही करतो. नाही त नववी आंधळगावले, आन घरचं काम."

दरवर्षी निवड कशी होत असे ते लिहून ठेवतो, कारण ती पद्धत फार अवघड नव्हती. शिक्षक मुलींना मैदानात उभं करत, हात खाली आणत आणि जी आधी पोचे तिचं नाव लिहीत. मैदान ऑफिसच्या दारापासून वीस पावलांवर आहे.

यंदा मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की निवड शास्त्रीय पद्धतीनं होईल. संस्थेनं शाळेला 'आदर्श' म्हणून पुढं आणण्याचं आश्वासन दिलं होतं, आणि आदर्श शाळेत निवड मैदानावर कशी करणार? कागद भिंतीवर होता. सगळ्यात हिरवी पट्टी असलेल्या मुलीचं नाव मोहाडीला पाठवायचं ठरलं.

सायकलवाली ऑफिसात गेली तेव्हा मी तिथं समितीच्या कागदावर सही करत बसलो होतो.

"सर, मी धावून दाखवतो."

"कायले? डेटा आला न आता," मुख्याध्यापक म्हणाले. ते तुमसरकडचे. 'डेटा' हा शब्द त्यांना नवा होता आणि नवा कपडा घातल्यासारखे ते तो सांभाळून वापरत. "हे मशीन हाय बेटा. मशीनले काय तुह्याशी दुश्मनी हाय?"

"पण सर, ते चुकलं."

"सात दिवस चुकलं? रोज?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी सायकलची गोष्ट सांगितली. मुख्याध्यापकांनी मान हलवली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला, तिची पट्टी चुकली असं धरू. पहिल्या नंबरवालीची त बरोबर हाय न? मंग तेच जाते. हिचं चुकल्यानं तिचं कसं चुकन?"

तर्क म्हणून त्यात खोट नव्हती. पहिल्या नंबरच्या मुलीची पट्टीसुद्धा तितकीच खोटी आहे, हे सांगितलं असतं की तो तिथंच कोसळला असता. पण मग ती संध्याकाळभर काय करते हेही सांगावं लागलं असतं. ऑफिसात त्या वेळी आणखी दोन पालक होते. मी सही केली आणि उठलो.

दुसऱ्याच दिवशी मॅडम शेजारणीकडे आल्या. 'सक्रिय बालकाचं घर' असा एक मजकूर त्यांना अहवालात घ्यायचा होता आणि संध्याकाळचा तो हिरवा ठोकळा त्यांना समजून घ्यायचा होता. शेजारणीनं त्यांना गल्लीच्या तोंडाशीच पाहिलं. तिनं सूप बाजेखाली सरकवलं, पानांचं पोतं गोधडीखाली घातलं, सपरी झाडली आणि मला हाक मारली. मी गेलो. सपरी स्वच्छ होती. तंबाखूचा वास मात्र झाडता येत नाही. मॅडमना तो वडिलांच्या खर्ऱ्याचा वाटला असावा.

"पाच ते आठ काय करते ही?" मॅडमनी विचारलं.

"खेलते," शेजारीण म्हणाली.

"काय खेळते?"

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. मुलगीही माझ्याकडे पाहत होती.

"दोरीवरच्या उड्या," मी म्हणालो.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बातम्यांत दोन जणांचा दुजोरा मागितला. स्वतःच्या दोन शब्दांना एकाचाही मागितला नाही. मॅडमनी ते दोन शब्द फाइलमध्ये लिहिले, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "तीन तास? कमाल आहे."

"कमालच हाय," शेजारीण म्हणाली.

त्याचा पहिला परिणाम आठवड्याभरात आला. संस्थेनं शाळेला खोकंभर दोऱ्या पाठवल्या. प्रत्येक मुलाला एक, लाकडी मुठीची. सोबत पत्र, की पारंपरिक खेळातून मिळणारी सक्रियता या गावानं दाखवून दिली आहे. मुलांनी दोन दिवस उड्या मारल्या. तिसऱ्या दिवसापासून दोऱ्या घरोघरी कामाला लागल्या. एका घरी अशा दोरीनं वासरू बांधलेलं मी पाहिलं. लाकडी मूठ त्याच्या गळ्याशी टकटक वाजत होती.

खोकं आलं त्याच संध्याकाळी शेजारची मुलगी माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"काका, तिचं नाव माह्यामुळं गेलं."

"तुझ्यामुळं नाही."

"मंग कोनामुळं?"

 त्या दोघी एकाच सतरंजीवर बसतात. सकाळी टोलीवरून आलेली दप्तरं हँडलवरून उतरवून घ्यायला ही फाटकाशी थांबते.

"तुमी बोला न सरले," ती म्हणाली. "तुमचं आयकतेत."

"बोललो तर ते विचारतील, मग हात कशानं हलत होता."

तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडा तपकिरी झालेल्या होत्या. "माय मारन मले," ती म्हणाली. "आन पानं बंद झाली त मायले कोन काम देईन?"

"म्हणूनच मी गप्प आहे."

"तुमी गप नाही राह्यले, काका. तुमी उड्या म्हनल्या."

तेरा वर्षांच्या मुलीनं माझी चूक अशी दुरुस्त केली. संपादकाच्या खोलीत मला यापेक्षा जास्त बोलणी बसली आहेत, पण इतकी अचूक नाही.

मोहाडीला नावं पाठवायच्या आदल्या दिवशी मॅडम दोऱ्यांचे फोटो घ्यायला शाळेत आल्या. मधली सुटी होती. मुख्याध्यापक त्यांना मैदानाच्या कडेला खुर्ची देऊन बसले होते. मीही समितीचा म्हणून बोलावलेला. शेजारची मुलगी सरळ चालत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, मले तिच्यासंग पळवा."

"काहून? तुहं नाव त झालं न पक्कं."

"झालं न. मशीन म्हनते मी सगळ्यात पुढं हाय. मंग मीच जिंकन. पळवाले काय होते?"

मुख्याध्यापक हसले, मॅडमकडे पाहिलं. मॅडमना ती सूचना आवडली. फोटोलाही बरी होती. "हो सर, घ्या ना. छान होईल," त्या म्हणाल्या. मॅडमपुढं नाही म्हणणं मुख्याध्यापकांना जमण्यासारखं नव्हतं.

मैदानाला चार फेऱ्या ठरल्या. सगळी शाळा कडेला उभी राहिली. सायकलवालीनं चपला काढून बहिणीच्या हातात दिल्या. शिक्षकांनी हात खाली आणला.

ही शर्यत नव्हती. पहिल्या फेरीच्या शेवटी दोघींत अर्ध्या मैदानाचं अंतर होतं. दुसऱ्या फेरीत हिरव्या पट्टीची मुलगी चालू लागली, तिसऱ्यात कमरेवर हात ठेवून थांबली आणि खोकू लागली. लाल पट्टीची मुलगी चार फेऱ्या संपवून तिच्याजवळ परत आली, तिला आधार देऊन कडेला घेऊन आली. कडेची मुलं ओरडत होती. त्यांना यात नवीन काही दिसलं नव्हतं.

"आज तब्येत बरी नसन तिची," मुख्याध्यापक म्हणाले.

मॅडम उठल्या होत्या. त्यांनी खोक्यातली एक दोरी घेतली आणि मुलीपुढं धरली. आवाज मऊ होता. "दम घे आधी. मग दोन उड्या मारून दाखव. तू रोज मारतेस ना?"

मुलीनं दोरी घेतली. मुठी कशा धरायच्या हे तिला माहीत नव्हतं. तिनं दोरी डोक्यावरून फिरवली, ती पायांत अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा अडकली. एक-दोन मुलं हसली आणि गप्प झाली. मॅडम तिच्या पायांकडे पाहत नव्हत्या. दोरी धरलेल्या बोटांकडे पाहत होत्या, तपकिरी नखांकडे, अंगठ्याच्या पेराजवळच्या दोऱ्याच्या व्रणाकडे. त्यांना जे कळायचं ते तिथं कळलं, असं मला वाटतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. तो शूरपणा नव्हता. चुकवून उपयोग उरला नव्हता.

त्यांना तिथं एक प्रश्न विचारता आला असता. विचारला असता तर फाइलमध्ये उत्तर लिहावं लागलं असतं, आणि फाइल कोणकोणत्या टेबलांवर जाते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मुलीच्या हातातली दोरी काढून घेतली, नीट गुंडाळली आणि खोक्यात टाकली.

"सर," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "शर्यतीसाठी दुसरीला पाठवा."

"पण मॅडम, डेटा..."

"डेटा धावण्याचा नाही. हाताचा आहे."

त्या यंत्राबद्दलचं हे पहिलं पूर्ण खरं वाक्य मी संस्थेच्या माणसाच्या तोंडून ऐकलं. ते मैदानावर बोललं गेलं, त्यामुळे कुठंही छापलं गेलं नाही.

सायकलवाली मोहाडीला गेली. सहाशे मीटरमध्ये दुसरी आली. पहिली आलेली मुलगी बूट घालून धावली होती. प्रमाणपत्र मिळालं, बापानं शब्दाला जागून सही केली, अर्ज गेला आणि वसतिगृहाचं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी मला बातमी लिहून मागितली. मथळा त्यांनीच सुचवला होता, 'शास्त्रीय निवडीमुळे शाळेचे यश'. मी चार ओळी लिहिल्या, त्यात शास्त्र नव्हतं. छापून आली तेव्हा पाचवी ओळ होती आणि त्यात होतं. त्यांनी ती स्वतः पाठवली होती.

संस्थेचा अहवालही नंतर आला. शाळेला एक प्रत मिळाली. शेजारच्या मुलीची पट्टी त्यात नाही. सायकलवालीची आहे. कोठीतल्या डबीचीही आहे. 'दोरीवरच्या उड्या' एका चौकटीत आहेत, म्हणजे मॅडमनी मुलगी काढून टाकली आणि माझं खोटं तेवढं ठेवलं. ते त्यांनी मुद्दाम केलं की वरच्या कोणी, हे मी शोधलं नाही. शेजारीण अजून सपरीत वळते. शाळा सुटल्यावर मुलगी आता तासभर माझ्याकडे अभ्यासाला येते. तेवढा तास मला कबूल करून घेता आला, जास्त नाही. मग घरी जाऊन सुपाशी बसते.

भिंतीवरचा रंगीत कागद कोणी काढला नाही. शैक्षणिक वर्ष संपल्यावर सायकलवाली शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली, तेव्हा तो होता तिथंच होता, फक्त उन्हानं लाल रंग थोडा उडाला होता. ती पाळीवरून सायकल मारत आली होती, घाम कपाळावर होता. मुख्याध्यापक दाखल्यावर शिक्का शोधत होते. त्यांनी मान वर न करता समोरच्या बाकाकडे बोट केलं.

"बस बेटा."

तिनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको जी," ती म्हणाली. "लय बसली मी. कागदावर हाय न."